लग्नानंतरची पदवी आणि नवरा-बायकोचं नातं

अवसरी बुद्रुक गावात तिशीतल्या सुनेनं पदवीसाठी नाव घातलं, की ‘आता हिचं घरात लक्ष राहणार का?’ असं विचारलं जातं. या काळजीत थोडं तथ्य आहे. बाकी बरेच गैरसमज.

गैरसमज: बायको शिकायला लागली की संसार मोडतो.
वस्तुस्थिती: भांडण होतं ते वेळेवरून. पहाटे गोठा, डेअरीला दूध, मुलांचे डबे, मग कांद्याची काढणी. यातून अभ्यासाचे दोन तास कुणाच्या वाट्यातून काढायचे, हे न ठरवताच फॉर्म भरला जातो. तिची कामं तेवढीच राहतात, झोप तेवढी कमी होते आणि अबोला सुरू होतो. धार कुणी काढायची हे आधी बोलून ठरवलं, तर यातलं पुष्कळ टळतं. कायदाही शिकणाऱ्या बायकोच्या विरोधात नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये घटस्फोटाची जी कारणं दिली आहेत, त्यांत बायकोचं शिक्षण नाही. उलट पत्नीला शिक्षण सोडायला भाग पाडणं ही मानसिक क्रूरता आहे, असं मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं २०२५ मध्ये म्हटलं.

गैरसमज: नवऱ्याचा पाठिंबा असला की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती: आनंदीबाई आणि गोपाळराव जोशींचं उदाहरण सगळे देतात. ती १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, त्यामागे गोपाळरावांचा ध्यास होता, हे खरंच. पण लहानपणी खाल्लेला मार आणि सोडून जाण्याच्या धमक्या यांबद्दल तिनं अमेरिकेतून त्यांनाच पत्रात लिहिलं होतं. आपला हट्ट बायकोच्या शिक्षणावर लादणं म्हणजे पाठिंबा नव्हे. विषय कोणता घ्यायचा, कधी थांबायचं, हे तिनं ठरवायला हवं.

गैरसमज: पदवीसाठी रोज कॉलेज गाठावं लागतं, आणि ‘बाहेरून’ केलेली पदवी कमी दर्जाची.
वस्तुस्थिती: नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठीही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्यता असलेली दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते.

गैरसमज: लग्नानंतरच्या शिक्षणाचा प्रश्न फक्त बायकांचा.
वस्तुस्थिती: पस्तिशीतला नवरा अभ्यासाला बसला, तर घर आवाज कमी करतं, चहा खोलीत पोचतो, शेताकडे बायको बघते, कारण तो ‘घरासाठी’ शिकतोय. तीच पुस्तकं बायकोनं उघडली की ती हौस ठरते. नात्यात कडवटपणा येतो तो या फरकामुळे, आणि हा फरक फॉर्म भरण्याच्या कितीतरी आधीपासून घरात असतो.