टाकी कधी भरली?

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, ‘डूलाली’, २००९ साली पुण्यात सुरू झाली. हे नाव आलं नाशिकजवळच्या देवळालीवरून. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत पडून राहिलेल्या ब्रिटिश शिपायांच्या तोंडी देवळालीचं डूलाली झालं. मायक्रोब्रुअरीत जिथं बिअर बनते तिथंच ती प्यायली जाते, आणि माझ्या मते तिच्या चवीचं सारं इंगित यातच आहे. बिअर नाशवंत आहे. उसाचा रस आपण चरकासमोर उभं राहून पितो, तो ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी बिअरही तिच्या टाकीजवळ प्यावी.

बिअरसाठी बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट तयार होतो. तो भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवतात, म्हणजे धान्यातली विकरं पिष्टाची साखर करतात. पाणी थोडं जास्त तापलं तर न आंबणारी साखर वाढते आणि बिअर तोंडात भरीव लागते. हे गोड पाणी चोथ्यापासून वेगळं काढून हॉप्सच्या फुलांसह तासभर उकळतात, झपाट्यानं थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. इथून पुढचं काम यीस्टचं. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. तो वास यीस्टनं आंबवताना तयार केलेला असतो. तिचा गढूळपणासुद्धा यीस्टमुळे आणि गव्हातल्या प्रथिनांमुळे येतो. गाळून ती चकचकीत केली की चवीचा मोठा भाग गाळणीतच राहतो.

मोठ्या कारखान्याला मात्र गाळावंच लागतं. त्याच्या बाटलीला ट्रक, गोदाम, दुकानाची फळी आणि एप्रिलचं ऊन सोसायचं असतं. म्हणून यीस्ट काढून टाकतात आणि बाटली ६० अंशांच्या आसपास तापवतात. अनेक ब्रँड तांदूळ किंवा मका घालून चव हलकी ठेवतात. प्रवास आणि खप डोळ्यांसमोर ठेवले तर यातला प्रत्येक निर्णय बरोबर आहे. चवीचा विचार मात्र त्यानंतर येतो. एवढं करूनही हॉप्सचा सुगंध महिन्यागणिक उतरतोच.

हॉप्स परदेशातून येतात, मग मायक्रोब्रुअरीची बिअर स्थानिक कशी, असा आक्षेप घेतला जातो. पण हवाबंद पाकिटात, थंडीत हॉप्स बराच काळ टिकतात. तयार बिअर तशी टिकत नाही. स्थानिकपणा इथं मातीचा नसून तारखेचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कारखान्याची बाटली दरवेळी सारखीच लागते, छोट्या ठिकाणी एखादा घाणा बिघडतो. हे खरं आहे. कारखान्याच्या हलक्या लागर बिअरमध्ये बारीकसा दोषही लपत नाही, त्यामुळे लाखो बाटल्या एकसारख्या काढणाऱ्यांचं कौशल्य मोठंच आहे. पण एकसारखेपणा म्हणजे ताजेपणा नव्हे, आणि बिघडलेला ग्लास परत करता येतो. किमतीबद्दल वाद नाही, ताजी बिअर महाग पडते. नशेसाठीच पिणाऱ्याला स्ट्राँग बाटली स्वस्त पडेल. आपल्या देशात सर्वाधिक खप तिचाच आहे. चवीसाठी पिणाऱ्यानं दोनऐवजी एकच ग्लास घ्यावा.

आणि तो मागवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: ही टाकी कधी भरली, आणि बिअरच्या नळ्या शेवटच्या कधी धुतल्या? यांची उत्तरं तिथल्या तिथे मिळाली नाहीत, तर तिथं पिऊ नका.