चित्राखाली नाव लिहिणारा चित्रकार

हिजरी वर्षाचे महिने चंद्राबरोबर मागे सरकत जातात, त्यामुळे रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी ऐन थंडीत. १९४३ साली तो सप्टेंबरमध्ये आला होता. कलकत्त्याच्या मशिदींत तरावीहच्या नमाजा होत होत्या, इफ्तारची तयारी होत होती आणि त्याच मशिदींबाहेरच्या फुटपाथवर खेड्यांतून चालत आलेली कुटुंबे पडलेली होती. ती माणसे भात मागत नव्हती. भात मागण्याची आशा त्यांनी सोडली होती. शहरातल्या दारोदार त्यांची एकच हाक असे, 'फ्यान दाओ'. फ्यान म्हणजे भात वेळल्यावर उरणारे पांढरे पाणी. एरवी आपल्याकडे ते गायी-म्हशींच्या आंबोणात जाते.

रोजेदाराच्या भुकेला घड्याळ असते. मगरिबची अजान झाली की खजूर हातात येतो. त्या फुटपाथवरच्या भुकेला अशी वेळ ठरवून दिलेली नव्हती. सप्टेंबर सरता सरता ईद आली, पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये दुर्गापूजा आली, आणि दोन्ही सण त्याच रस्त्यांवरून निघून गेले. त्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत किती माणसे गेली याचे आकडे वेगवेगळे आहेत. सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख म्हटले, पुढच्या अभ्यासकांपैकी अनेकांनी ३० लाखांच्या आसपासचा आकडा मांडला.

इतक्या मोठ्या आकड्यापुढे चित्रकाराने काय करायचे? हातात टाक, एक दौत आणि एक वही. २८ वर्षांच्या दोन तरुणांनी या प्रश्नाचे उत्तर आपापल्या रीतीने शोधले. एकाचे नाव झैनुल आबेदिन, दुसऱ्याचे चित्तप्रसाद. पहिला पुढे बांगलादेशाचा 'शिल्पाचार्य' झाला, त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. दुसऱ्याने आयुष्याचा मोठा भाग आपल्या मुंबईत, अंधेरीत काढला. तरी मराठी घरांत त्याचे नाव क्वचितच ऐकू येते.

झैनुल कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. पूर्व बंगालच्या नद्यांची जलरंगातली निसर्गचित्रे हा त्यांचा आवडता विषय. १९४३ मध्ये ते रस्त्यावर उतरले तेव्हा रंग बाजूला पडले. युद्धामुळे चांगला कागद महाग झाला होता, म्हणून त्यांनी सामान बांधायचा स्वस्त कागद घेतला. काळी शाई आणि कुंचला. कुंचल्यावर शाई इतकी कमी ठेवायची की रेघ ओढताना ती मध्येच कोरडी पडावी, खरखरीत व्हावी. त्या खरखरीत रेघेत बरगड्या येतात, सुकलेले हात येतात, कचराकुंडीशी माणूस, कुत्रा आणि कावळा एका रांगेत येतात. पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच, कागदाचा मळकट रंग हाच रस्ता. एला सेन यांच्या 'डार्कनिंग डेज' या १९४४ च्या पुस्तकात यातली चित्रे छापली गेली.

चित्तप्रसाद यांची गोष्ट निराळी. जन्म १९१५ चा, नैहाटीचा, शिक्षण चितगावला. कलाशाळेचे रीतसर शिक्षण नाही. आडनाव भट्टाचार्य, ते त्यांनी गाळून टाकले, जात सांगणारे काही नावाला चिकटून नको म्हणून. कम्युनिस्ट पक्षाचे काम करताना भित्तिपत्रके रंगवायची, पक्षाच्या साप्ताहिकांसाठी चित्रे काढायची. मुंबईतून 'पीपल्स वॉर' निघे, उर्दूत 'कौमी जंग', मराठीत 'लोकयुद्ध'. अशा पत्रांना रेखाचित्रांची गरज असे, आणि त्यामागे एक साधे छपाईचे कारणही होते. छायाचित्र छापायला बारीक ठिपक्यांचा ब्लॉक लागतो, आणि युद्धकाळातल्या रद्दड कागदावर ते ठिपके एकमेकांत मिसळून सगळेच काळे होई. टाकाने ओढलेली स्वच्छ रेघ मात्र कसल्याही कागदावर उमटते. सुनील जाना कॅमेरा घेऊन याच दुष्काळात फिरत होते आणि त्यांची छायाचित्रे हादरवून टाकणारी आहेत. तरीही टाकाचे काम संपले नव्हते.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात गेले. या जिल्ह्याने दुहेरी मार खाल्ला होता. बेचाळीसच्या चळवळीत तमलुकला लोकांनी आपले स्वतंत्र सरकार उभे केले होते, आपल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारासारखेच. त्यामुळे सरकारचा रोष होताच. त्यात १६ ऑक्टोबर १९४२ ला चक्रीवादळ आले, समुद्र आत शिरला, उभे पीक आणि गुरे वाहून गेली. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला होता. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनारपट्टीतल्या हजारो होड्या सरकारने आधीच काढून घेतल्या होत्या, आणि होडी गेली की कोळी गेला, कुंभाराचा बाजार गेला. उरलेला तांदूळ साठेबाजांच्या कोठारात.

या मुलखातून ते बरेचसे पायी हिंडले. वाटेत भेटेल त्या माणसापाशी बसायचे, बोलायचे आणि काढायचे. हा 'बसायचे' शब्द महत्त्वाचा आहे. कॅमेऱ्याला क्षण पुरतो. रेखाटनाला, कितीही झपाट्याने काढले तरी, काही मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ समोरच्या माणसाच्या नजरेला नजर द्यावी लागते. पोटात अन्न असलेला माणूस उपाशी माणसाचे चित्र काढतो आहे, ही अवघड गोष्ट दोघांनाही त्या वेळात कळत असणारच. चित्तप्रसाद यांनी त्यातून एक वाट काढली. ते माणसाचे नाव विचारत. गाव, धंदा, घरातले कोण गेले, जमीन कोणाकडे गहाण पडली, हेही विचारत. आणि चित्राच्या कडेला किंवा खाली हे लिहून ठेवत, तारखेसकट.

झैनुल यांच्या चित्रांतली माणसे बहुधा निनावी आहेत, चेहरे सावलीत. चित्र म्हणून पाहिले तर ती चित्रे अधिक थोर आहेत, हे मान्य करायला हरकत नाही. एकच आई सगळ्या आयांसारखी दिसावी असे काही त्यांना साधले आहे. चित्तप्रसाद यांची मेदिनीपूरची रेखाटने तुलनेने तपशिलात अडकलेली वाटतात. पण त्यांचे मोल तिथेच आहे. त्यातली माणसे 'दुष्काळग्रस्त' नाहीत. कोणी शेतकरी आहे, कोणी कोळी आहे, कोणी चार दिवसांपूर्वीपर्यंत घर असलेली बाई आहे. भुकेने माणसाचे आधी अंग जाते, मग घर जाते, मग गावातली ओळख जाते. शहराच्या फुटपाथवर पोचेपर्यंत तो 'भिकारी' झालेला असतो. चित्तप्रसाद उलट्या दिशेने, त्याच्या गावाकडे गेले होते. तिथे त्याला अजून नाव होते.

ही रेखाटने आणि सोबतचा त्यांनीच लिहिलेला वृत्तान्त मिळून 'हंग्री बेंगॉल' ही छोटी पुस्तिका झाली. सरकारने तिच्या सुमारे ५,००० प्रती जप्त करून जाळल्या. एका पातळ पुस्तिकेचा एवढा धाक का वाटावा? कारण त्यात दुष्काळ हे आभाळाचे संकट म्हणून आलेले नाही. कुठल्या गावात काय झाले, मदतीचे धान्य कोणापर्यंत पोचले नाही, याची नोंद त्यात आहे. चित्तप्रसाद यांच्या घरच्यांनी एक प्रत जपून ठेवली, ती पुढे बँकेच्या तिजोरीत पडून होती. २०११ मध्ये दिल्ली आर्ट गॅलरीने तिच्यावरून हुबेहूब आवृत्ती काढली, तेव्हा ती पुस्तिका सर्वांना पाहता आली.

बंगालची ती भूक त्या काळात बंगालपुरती राहिली नाही, हेही इथे सांगायला हवे. अण्णाभाऊ साठे यांनी मुंबईच्या कामगार वस्तीतून 'बंगालची हाक' हा पोवाडा लिहिला. उर्दूत वामिक जौनपुरी यांचे 'भूका है बंगाल' गावोगाव गायले गेले, कृश्न चंदर यांनी 'अन्नदाता' लिहिली. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत स्थापन झालेल्या इप्टाच्या कलाकारांनी नाच-गाण्यांचे कार्यक्रम करून मदतनिधी गोळा केला. इप्टाचे बोधचिन्ह अनेकांनी पाहिले असेल: दोन्ही हात उगारून नगारा बडवणारा माणूस. ते चित्तप्रसाद यांनी काढले.

हातात हात घेऊन शिकवण्याचाही त्यांचा स्वभाव होता. चितगावचाच सोमनाथ होर हा तरुण त्यांच्याबरोबर फिरू लागला, उपाशी आणि आजारी माणसांसमोर बसून रेखाटायला त्यांच्याकडून शिकला. त्याने १९४६ च्या डिसेंबरमध्ये रंगपूर जिल्ह्यात तेभागा आंदोलनाच्या वेळी रोजनिशी ठेवली, मजकूर आणि रेखाटने शेजारी शेजारी. ती वही पुस्तकरूपाने यायला कित्येक दशके लागली. आणि दुष्काळातल्या त्या जखमा, सोमनाथ होर थोर मुद्रणचित्रकार झाल्यावर, सत्तरच्या दशकात पांढऱ्या लगद्याच्या कागदावरच्या चिरा होऊन बाहेर आल्या.

१९४६ मध्ये चित्तप्रसाद मुंबईला आले ते इथलेच झाले. थोड्याच वर्षांत पक्षाशी त्यांचे पटेनासे झाले आणि ते बाजूला झाले. पक्ष सुटला म्हणजे साप्ताहिक सुटले, साप्ताहिक सुटले म्हणजे चित्र मागणारा कोणी राहिला नाही. इथून पुढे अंधेरीतल्या छोट्या घरात जे झाले ते सगळे त्यांचे स्वतःचे, न मागता केलेले काम. फार तर अधूनमधून एखादी मागणी येई. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' साठी त्यांनी केलेला लिनोकट त्यातलाच.

लिनोकट हे गरिबाचे मुद्रणमाध्यम आहे. फरशीवर अंथरायचे लिनोलियम असते, त्याचा तुकडा घ्यायचा. लाकडाला रेषा असतात, त्या कोरणीला अडवतात; लिनो मऊ, कोरणी हवी तिकडे वळते. जे कोरून काढले ते कागदावर पांढरे राहते, जे ठेवले ते काळे उमटते. शिवाय सगळे उलटे. उजवा हात डावा होतो, अक्षरे तर आरशात पाहून कोरावी लागतात. रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा, छापयंत्र नसेल तर चमच्याच्या पाठीने घासून घासून ठसा घ्यायचा. एका तुकड्यावरून पाहिजे तेवढ्या प्रती निघतात आणि स्वस्तात विकता येतात किंवा वाटता येतात. चूक मात्र खोडता येत नाही. टाकाची रेघ जशी चटकन धावते तशी इथे धावत नाही. मेदिनीपूरच्या वाटेवरचा घाईचा हात इथे आल्यावर संथ झालेला, ठसठशीत झालेला दिसतो.

याच काळात त्यांनी लिनोकटची एक मालिका केली, 'एंजल्स विदाउट फेअरी टेल्स', म्हणजे ज्यांच्या वाट्याला परीकथा आल्या नाहीत अशी देवाची लेकरे. बूट पॉलिश करणारी, ओझी वाहणारी, रस्त्यावरच झोपणारी, आपल्याच धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडणारी मुले. आज कुठल्याही गावाच्या एसटी स्टँडवर ती दिसतात. ही मालिका छापली कोणी, तर डेन्मार्कमधल्या युनिसेफ समितीने, १९६९ साली. झेकोस्लोव्हाकियातही त्यांच्या चित्रांचे चाहते होते, प्राग इथल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात ती आहेत. दूरच्या देशांना जे दिसले ते अंधेरी स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे कोणाच्या लक्षात आले नाही.

पण मुलांच्या लक्षात आले होते. एका झेक कळसूत्रकाराकडून त्यांनी बाहुल्या नाचवायची कला घेतली, टाकाऊ वस्तूंपासून स्वतः बाहुल्या बनवल्या, त्यांचे कपडे शिवले, नाटुकली लिहिली आणि घरातच 'खेलाघर' नावाने बाहुल्यांचे खेळ सुरू केले. प्रेक्षक म्हणजे आसपासच्या वस्तीतली पोरे. यात पैसा नव्हताच. ज्या मुलांना परीकथा नाहीत म्हणून लिनोवर कोरले, त्यांच्यासाठी संध्याकाळी बाहुल्या हातात घ्यायच्या, असा हा एकाच माणसाचा दिवस होता. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण दुष्काळाच्या चित्रांपाशी थांबतात आणि खेलाघर दोन ओळींत उरकतात. मेदिनीपूरला गावाचे नाव विचारत बसणारा माणूस आणि पोरांसाठी बाहुलीला टोपडे शिवणारा माणूस हे दोन वेगळे आहेत असे त्यांना वाटत असावे.

तब्येत ढासळल्यावर ते कलकत्त्याला परतले आणि १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये तिथेच गेले. इप्टाच्या नाटकांच्या फलकांवर तो नगारेवाला आजही असतो. चित्रकाराचे नाव त्याच्याखाली सहसा नसते.