तोडगा आणि खापर

बेसबॉलमध्ये दहा वेळा फलंदाजीला येऊन तीनदा हिट मिळवणारा खेळाडू उत्तम गणला जातो. उरलेल्या सात वेळा तो हात हलवत परत जातो, तरीही त्याचे नाव होते. पिचर आणि फलंदाज यांच्यात साडेसाठ फुटांचे अंतर; ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदांत कापतो. तेवढ्यात चेंडू कुठे वळणार हे ओळखायचे आणि बॅट फिरवायची की नाही हेही ठरवायचे. शिवाय झकास मारलेला चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात जाऊ शकतो आणि जेमतेम लागलेला चेंडू मोकळ्या जागी पडतो. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये हे एका हंगामात १६२ वेळा, जवळजवळ रोज, सोसावे लागते. कष्ट आणि फळ यांची गाठ इतकी सैल असलेल्या धंद्यात माणूस तोडग्यांकडे वळला नाही तरच नवल. वेड बॉग्ज प्रत्येक सामन्याआधी चिकन खायचा, फलंदाजीचा सराव बरोबर ५ वाजून १७ मिनिटांनी सुरू करायचा आणि ज्यू नसूनही फलंदाजीला उभे राहताना मातीत ‘जीवन’ या अर्थाचे हिब्रू अक्षरचिन्ह काढायचा. टर्क वेंडेल हा पिचर दोन डावांच्या मध्ये दात घासायचा.

या माणसांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण चूक आहे. जॉर्ज ग्मेल्च हा मानववंशशास्त्रज्ञ स्वतः कनिष्ठ लीगमध्ये खेळला होता. १९७१ मध्ये त्याने या तोडग्यांना ब्रोनिस्लाव मालिनोव्स्कीची कसोटी लावली. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर मालिनोव्स्कीला असे दिसले होते की शांत खाजणात मासे धरताना कोळी मंत्रतंत्र करत नाहीत. खुल्या समुद्रात जाताना मात्र सगळे विधी यथासांग होतात. ग्मेल्चला बेसबॉलमध्ये तेच आढळले. पिचिंग आणि फलंदाजी म्हणजे खुला समुद्र, तिथे तोडग्यांची गर्दी. क्षेत्ररक्षणात शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव चेंडू नीट हाताळले जातात, तिथे फारसे कोणी काही करत नाही. म्हणजे तोच माणूस, त्याच दिवशी, एका कामात शकुन पाहतो आणि दुसऱ्यात पाहत नाही. तोडगा बुद्धीच्या अभावातून येत नाही, अनिश्चिततेतून येतो. त्याचा उपयोगही असू शकतो: ठरलेला क्रम पाळला की धडधड कमी होते, लक्ष चेंडूवर राहते. सचिन तेंडुलकर डावा पॅड आधी बांधायचा, त्यात कोणाचे काय बिघडले? खेळाडूचा नेम खेळाडूलाच बांधतो. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे, जिथे हाच विचार दुसऱ्याच्या वागण्याचा हिशेब मागू लागतो.

ही पायरी कशी ओलांडली जाते ते ‘नो-हिटर’च्या वेळी दिसते. पिचरने समोरच्या संघाला एकही हिट दिलेला नसेल तर त्याच्याशी त्याबद्दल बोलायचे नाही, म्हणजे नाट लागत नाही, असा दंडक आहे. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी वर्ल्ड सिरीज या विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत डॉन लार्सन एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू देत नव्हता. त्याने स्वतःच सहकारी मिकी मँटलजवळ विषय काढला, तेव्हा मँटल काही न बोलता दूर गेला. विषय निघूनही लार्सनचा तो सामना निर्दोष पार पडला. त्याआधी, १९४७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, बिल बेव्हन्सने अजून एकही हिट दिलेला नाही असे समालोचक रेड बार्बरने रेडिओवर सांगितले. शेवटचा एक बळी उरला असताना हिट गेला, सामनाही गेला, आणि चिडलेल्या श्रोत्यांनी बार्बरला धारेवर धरले. वास्तविक बेव्हन्सने त्या दिवशी दहा फलंदाजांना वॉकवर फुकट बेस दिला होता. त्याचा चेंडू सुरुवातीपासूनच ताब्यात नव्हता. पण ते पाहायला आकडे तपासावे लागतात, आणि समालोचक तर कानाशीच बोलत असतो.

शापांच्या कथा याच मातीतल्या. बोस्टन रेड सॉक्सने १९१८ मध्ये विजेतेपद मिळवले, १९१९ च्या अखेरीस बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजला विकले आणि मग २००४ पर्यंत ते जिंकले नाहीत; हा म्हणे रूथचा शाप. शिकागो कब्जचा विजय १९०८ चा. १९४५ मध्ये एका हॉटेलवाल्याला बोकडासह मैदानातून बाहेर काढले म्हणून त्याने शाप दिला अशी आख्यायिका, आणि पुढचे विजेतेपद २०१६ मध्ये. कोणी विचारेल, ८६ वर्षे हा निव्वळ योगायोग कसा? साधा हिशेब करून पाहू. आज लीगमध्ये ३० संघ आहेत. सगळ्यांना समान संधी धरली तर एखादा संघ सलग ८६ वर्षे न जिंकण्याची शक्यता शंभरात सुमारे पाच येते. संघ तीस असल्याने अशा एक-दोन संघांची अपेक्षाच धरायला हवी. आणि रूथच्या शापाची कथा घरोघरी पोहोचली ती १९९० मध्ये डॅन शॉनेसीचे पुस्तक आल्यावर, म्हणजे रूथच्या विक्रीनंतर सत्तर वर्षांनी.

योगायोगाने सगळेच सुटते असेही नाही, आणि शापाची कथा मला खरी सलते ती इथे. एप्रिल १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू बोस्टनच्या फेनवे पार्कवर चाचणीला आला होता. रेड सॉक्सने त्याला घेतले नाही. १९४७ मध्ये तो ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला आणि मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पडली. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो १९५९ मध्ये, सोळा संघांत सर्वांत शेवटी. बारा वर्षे गुणी खेळाडूंकडे पाठ फिरवणारा संघ मागे पडला, तर त्यासाठी रूथच्या आत्म्याला का त्रास द्यायचा? शापात व्यवस्थापन निर्दोष सुटते. आणि दोन्ही ‘शाप’ उतरले तेव्हा खेळाडूंच्या निवडीची सूत्रे एकाच माणसाकडे होती: आकडेवारीवर भर देणाऱ्या थिओ एपस्टीनकडे.

ही सगळी मौज आहे, गंभीरपणे कोण घेतो, असा आक्षेप येईल. शकुन म्हणून सामनाभर जागा न सोडणाऱ्या प्रेक्षकांच्या बाबतीत मला तो मान्य आहे; अशाने अनोळखी माणसे एका धाग्यात बांधली जातात. पण रेड सॉक्सच्या बिल बकनरला विचारायला हवे होते. २५ ऑक्टोबर १९८६ रोजी वर्ल्ड सिरीजमध्ये त्याच्या पायांमधून चेंडू निसटला आणि शापाला चेहरा मिळाला. चेंडू त्याच्याकडे येण्याआधीच न्यूयॉर्क मेट्सने बरोबरी साधली होती, दोन दिवसांनी निर्णायक सामन्यात रेड सॉक्सने ३-० ची आघाडीही घालवली; तरी त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. २००८ मध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कवर प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले, पण तोवर संघाने दोन विजेतेपदे मिळवली होती.

बकनर निदान खेळाडू होता. १४ ऑक्टोबर २००३ रोजी शिकागोत कब्ज ३-० ने पुढे होते आणि वर्ल्ड सिरीजपासून पाच बळी दूर. सीमेपलीकडे येणाऱ्या एका चेंडूकडे अनेक प्रेक्षकांचे हात गेले, त्यातल्या एका तरुणाचा लागला, आणि कब्जच्या मॉइझेस अलूचा झेल हुकला. त्यानंतर कब्जच्या शॉर्टस्टॉपच्या हातून सोपा चेंडू सुटला, पिचर ढेपाळला, फ्लोरिडा मार्लिन्सने आठ धावा केल्या. आपल्याकडे घरात काही विपरीत घडले की नव्या सुनेचा पायगुण काढत, तिला पांढऱ्या पायाची म्हणत. त्या रात्री शिकागोने तेच केले. त्या तरुणावर शिव्या आणि बिअर ओतली गेली, त्याला सुरक्षारक्षकांच्या कड्यातून बाहेर न्यावे लागले, त्याच्या घराबाहेर पोलीस बसले. दुसऱ्या दिवशी कब्जना आणखी एक संधी होती. ते ५-३ ने आघाडीवर गेले आणि ९-६ ने हरले. तो तरुण त्या दिवशी मैदानात नव्हता.