काचबिंदूचा थेंब नेमकं करतो काय?

आईने दीड महिना काचबिंदूचे थेंब गुपचूप बंद ठेवले होते. म्हणे, "अरे, इतके दिवस घातले, नजरेत काडीचा फरक नाही!" तपासलं तर डोळ्यातला दाब 16 वरून 26.

आता बघा, डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून बाहेर जातं. हे अश्रू नव्हेत. जाळीतून निचरा नीट झाला नाही की दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होते. दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही.

थेंबांची कामं वेगवेगळी. टिमोलॉल पाणी बनणंच कमी करतं. लॅटॅनोप्रोस्ट पाणी बाहेर जायची वाट मोकळी करतं. ते बहुतेक वेळा रात्री एकदाच घालतात. औषध थांबलं की दाब पुन्हा चढतो. दमा असेल तर टिमोलॉल घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांगाच.

थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलका दाबून धरा, म्हणजे औषध घशात कमी उतरतं. दुसरे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

गेलेली नजर परत येत नाही. थेंब उरलेली राखायला असतात. म्हणजे आईचं "काही फरक नाही" हीच खरी चांगली बातमी होती! आता रोज रात्री साडेनऊला माझा अलार्म वाजतो आणि मी घरी फोन लावतो. तुमच्या घरी कुणाचे थेंब चालू आहेत? आज विचाराच.