साहाय्यक पट्ट्याचे असंरेखन

मोटारगाडीच्या इंजिनावरील साहाय्यक पट्टा ज्या पुलींवरून फिरतो, त्या सर्व पुली एकाच प्रतलात नसणे या दोषाला साहाय्यक पट्ट्याचे असंरेखन म्हणतात. बोलीभाषेत या पट्ट्याला 'फॅनबेल्ट' म्हटले जाते. जुन्या गाड्यांत रेडिएटरमागचा पंखा याच पट्ट्यावर फिरत असे; पुढे बहुतेक मोटारींत पंखा विजेवर चालू लागला, तरी नाव टिकून राहिले.

रचना

क्रँकशाफ्टच्या टोकावरील पुली पट्ट्याला गती देते. पट्टा ती गती आल्टर्नेटर, वातानुकूलन यंत्रणेचा कॉम्प्रेसर आणि काही गाड्यांत पाण्याचा पंप व पॉवर स्टिअरिंगचा पंप यांना पोहोचवतो. ताण राखण्याचे काम टेन्शनर करतो. आधुनिक पट्ट्याच्या एका बाजूस लांबीच्या दिशेने उंचवटे असतात. मोटारींत रूढ असलेल्या 'पीके' प्रकारात लगतच्या दोन उंचवट्यांतील अंतर ३.५६ मिमी असते. म्हणूनच पुली थोडी जरी सरकली, तरी उंचवटे खाचेच्या एका भिंतीवर घासू लागतात. ३०० मिमी अंतरात सुमारे १.७ मिमी विचलन म्हणजे कोनात एक तृतीयांश अंश. एवढ्यानेही आवाज येऊ शकतो.

लक्षणे

गाडी उभी असताना इंजिन मंद गतीने चालू ठेवल्यास पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा, ठरावीक अंतराने येणारा बारीक आवाज हे असंरेखनाचे प्रमुख लक्षण होय. इंजिनाची गती वाढताच तो बहुधा लोपतो. याउलट गती किंवा भार वाढवताना येणारी लांब किंकाळी ही सामान्यतः पट्टा सैल असल्याची खूण असते. पट्ट्याची एकच कड झिजणे किंवा तिचे धागे निघणे, उंचवट्यांची एकच बाजू चकचकीत होणे आणि पट्टा पुलीच्या काठाकडे सरकणे, हीही लक्षणे आढळतात.

निदान

प्रथम इंजिन बंद व थंड असताना, किल्ली काढून, पट्टा खाचांत नीट बसला आहे का हे पाहावे. बसवताना एक खाच चुकणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. त्यानंतर इंजिन सुरू करून, हात व कपडे दूर ठेवून, पट्ट्याच्या उंचवट्यांच्या बाजूस थोडे पाणी फवारतात. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर असंरेखनाची शक्यता अधिक. तो वाढला, तर पट्टा सैल असून घसरत असल्याचे समजावे.

दोषी पुली शोधण्यासाठी इंजिन बंद करून पट्टा काढतात व प्रत्येक पुली हाताने फिरवून आणि हलवून पाहतात. खरखर किंवा डगमग जाणवल्यास बेअरिंग झिजलेले असते. पुली एका रेषेत आहेत की नाहीत, हे सरळ धारेच्या धातूच्या पट्टीने किंवा खाचेत बसणाऱ्या लेझर साधनाने तपासतात. पुलींच्या कडांची जाडी सारखी नसल्यास धातूची पट्टी फसवते. अशा वेळी मोजमाप खाचेवरूनच घ्यावे लागते.

कारणे

झिजलेले बेअरिंग, टेन्शनरच्या दांड्यातील ढिलाई, वाकलेले ब्रॅकेट, सैल बोल्ट, चुकीचा सुटा भाग आणि दाबून बसवलेली पुली योग्य खोलीपर्यंत न जाणे ही मुख्य कारणे होत. क्रँकशाफ्टच्या पुलीतील रबराचा थर सुटल्यास तिचे बाहेरचे कडे सरकते.

परिणाम

मूळ दोष कायम ठेवून केवळ नवा पट्टा घातल्यास आवाज काही काळ थांबतो. पण नवा पट्टाही त्याच रीतीने झिजतो. आवाज दाबण्यासाठी पट्ट्यावर फवारण्याची द्रव्येही दोष झाकतात, दूर करत नाहीत. धावत्या गाडीचा पट्टा निसटला, तर बॅटरीचे चार्जिंग थांबते. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असल्यास इंजिन तापू लागते, तर द्रवचलित स्टिअरिंग एकाएकी जड होते. काही इंजिनांत तुटलेल्या पट्ट्याचे धागे टायमिंग बेल्टपर्यंत ओढले जाऊन इंजिनाचीच मोडतोड होऊ शकते.