बिनतारी कॅमेऱ्याचे चलच्चित्र : भार कमी करण्याची रीत

डिसेंबर २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ १,३०० किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याचा मार्ग कळला तो गळ्यातील रेडिओ-पट्ट्यामुळे. पट्टा केवळ ठिकाणाचे चार आकडे कळवितो. त्यास बॅटरी थोडी लागते. हरभऱ्यात रात्री शिरणारा रोही अथवा रानडुक्कर मात्र प्रत्यक्ष दिसावा लागतो, आणि चित्राचा भार मोठा असतो.

तो किती, हे हिशेबानेच पाहावे. ६४० गुणिले ४८० बिंदूंच्या एका कृष्णधवल चित्रात ३,०७,२०० बिंदू येतात. प्रत्येकी ८ बिट धरल्यास सुमारे साडेचोवीस लाख बिट होतात. अल्पशक्तीचे बिनतारी यंत्र सेकंदास फार तर अडीच लाख बिट धाडते. सेकंदास दहा चित्रे घेतल्यास मिनिटभराचे दृश्य पोहोचण्यास दीड तासाहून अधिक वेळ लागावयाचा. तोवर रोही पीक खाऊन निघून गेलेला असेल!

बांध, विहीर, बाभूळ ही प्रत्येक चित्रात तीच असतात. म्हणून एक चित्र पूर्ण पाठवून पुढे केवळ फरक कळवावा, ही पहिली युक्ती होय. परंतु काय कोठे सरकले हे बारकाईने शोधण्यातही बॅटरी खर्ची पडते. यावर उपाय असा की, हे कष्टाचे काम गावातील संगणकाकडे सोपवावे. तो मागील व पुढील पूर्ण चित्रांवरून मधल्या चित्राचा अंदाज बांधतो. कॅमेरा फक्त हिशेबाच्या ताळ्यासारखे थोडे आकडे पाठवितो, व त्यांवरून संगणक अंदाजातील चुका दुरुस्त करतो. पाठविणाऱ्याने दोन्ही चित्रे ताडून न पाहताही एवढी काटकसर साधते, हे स्लेपियन व वुल्फ या संशोधकांनी १९७३ मध्ये सिद्ध केले होते.

वाटेत संदेशाचा तुकडा हरवल्यास संगणक शेजारचे बिंदू व मागील चित्र यांवरून ती जागा भरून काढतो. तथापि अशी भरलेली जागा हा अंदाजच असतो. नेमका तेथे उभा असलेला रोही पुसला जाणे शक्य आहे. नुकसानीच्या पुराव्यासाठी म्हणून मूळ चित्रे कॅमेऱ्यातील कार्डावर ठेवावीत. फरकाच्या पद्धतीत एक चूक पुढील सर्व चित्रांत उतरते, यास्तव ठरावीक अंतराने पूर्ण चित्र पाठवावे लागते.

वाऱ्याने डोलणारी ज्वारीदेखील यंत्रास फरकच वाटते, व भार विनाकारण वाढतो. कॅमेरा उभ्या पिकाकडे न रोखता जनावरांच्या येण्याच्या पायवाटेकडे रोखावा.