जंगलाकाठच्या मुलांना जंगल काय शिकवायचं?

ताडोबाच्या बफर क्षेत्रातल्या शाळांत वन्यजीव शिक्षण देण्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "या पोरांना जंगल काय शिकवायचं? ती तर तिथेच वाढली." हे अर्धंच खरं आहे. मोह, तेंदू, चारोळी ती लांबून ओळखतात. चितळ कशासाठी ओरडलं तेही त्यांना कळतं. पण राष्ट्रीय उद्यानात पायी शिरता येत नाही आणि जिप्सीचं भाडं घरच्यांना झेपत नाही. पर्यटकाला तळ्याकाठी निवांत बसलेला वाघ दिसतो, गावातल्या मुलापर्यंत मात्र गाय मारल्याची बातमीच येते. म्हणूनच या मुलांची जंगलफेरी मला उपकार वाटत नाही. शिक्षणाची सुरुवातच तिथून व्हायला हवी.

वाघ माणसाच्या मागावरच असतो, हा समजही चुकीचा आहे. त्याचं नेहमीचं भक्ष्य चितळ, सांबर, रानडुक्कर. पण मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचणारं, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारं माणूस वाकलेलं किंवा उकिडवं असतं आणि झुडपाआडून ते चारपायी जनावरासारखं भासू शकतं. मुलांना सांगायचं ते हेच: नीट उजाडल्यावर निघा, एकटे जाऊ नका, बोलत राहा, एकाने उभं राहून लक्ष ठेवा. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पालापाचोळा पेटवू नका, वणवा तिथूनच लागतो. झाडाखाली जाळी किंवा जुनं लुगडं अंथरलं तरी काम भागतं.

सगळं लक्ष वाघाकडे जातं आणि साप राहून जातो. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. वाघाच्या हल्ल्यातले मृत्यू त्यापुढे फारच थोडे. तरीही मारली जाते ती बिनविषारी धामण, 'गाईचं दूध पिते' म्हणून. सापाला दूध ओढून पिताच येत नाही. धामण खाते धानाची नासाडी करणारे उंदीर. खरा धोका मण्यारीचा. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश अनेकदा जाणवतही नाही आणि सकाळी पोट दुखतं, पापण्या जड होतात. खाट, नीट खोचलेली मच्छरदाणी आणि रात्री हातात बॅटरी, एवढ्याने जीव वाचू शकतो. दंश झालाच तर चिरणं, आवळून बांधणं, मांत्रिक हे सारं टाळून, अवयव न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथे मिळतं.

आणि मुलं शिकली की संघर्ष मिटेल, असंही नाही. घरात गॅस नसेल तर आई सरपणाला जाणारच. गाईची भरपाई रखडली तर चिडून मेल्या जनावरावर विष टाकणारेही असतात. म्हणून भरपाईची रीतही धड्यात हवी: वनरक्षकाला ताबडतोब कळवायचं, पंचनामा होईपर्यंत जनावर हलवायचं नाही, अर्जाची पोच घ्यायची. सातवीतली मुलगी बापासाठी हा अर्ज सहज लिहू शकते.